आकडा आणि अभिप्राय

मराठी माणूस वाचत नाही, अशी तक्रार करण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. ती करणाऱ्यांत मी मोडत नाही. गेल्या काही वर्षांत त्या तक्रारीची जागा हिशेबाने घेतलेली मला दिसते. वर्षारंभी बावन्न पुस्तकांचा संकल्प सोडायचा, आठवड्याला एक याप्रमाणे तो तडीस न्यायचा, आणि प्रत्येक पुस्तकामागे दोन-चार ओळींचा अभिप्राय लिहून चारचौघांत वाटायचा, हा छंद शहरांतून निघून आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. शाळेतही तो आला. 15 ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 2015 पासून आपण ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळतो. त्यात पुढे शालेय शिक्षण विभागाच्या ‘महावाचन उत्सवा’ची भर पडली. मुलाने पुस्तक वाचावे आणि त्यावर आपले विचार थोडक्यात लिहावेत, अशी ही योजना. योजना चांगलीच आहे. पण तिच्यातला पहिला भाग मोजला जातो आणि दुसरा भाग कोणी वाचतही नाही, एवढीच काय ती अडचण आहे.

आणि वाचला तरी त्यात सापडते काय? वाटल्या जाणाऱ्या अभिप्रायांचा मासला पाहावा. ‘ओघवती भाषा.’ ‘अंतर्मुख करणारे लेखन.’ ‘प्रत्येकाने संग्रही ठेवावे असे पुस्तक.’ आणि सर्वांत लाडका म्हणजे, ‘एका बैठकीत वाचून काढले.’ हे शेवटचे वाक्य ज्या दिवशी मी प्रथम लक्षपूर्वक वाचले त्या दिवशी मला थोडे हसू आले. ‘वाचून काढले’ या क्रियापदातच सारे आले. विहिरीतला गाळ काढतात, शेतातले तण काढतात, अंगातला काटा काढतात. जे काढून टाकायचे ते काढले की माणूस मोकळा होतो. पुस्तकातूनही असेच मोकळे व्हायचे असेल तर मग त्याला हात तरी कशाला लावावा?

मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे अशा अभिप्रायाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहण्याचा योगही मला येतो. एका वाचकाने मला आवर्जून कळवले की, तुमची कादंबरी हे माझे या वर्षातले एकतिसावे पुस्तक, फार आवडले, आता बत्तिसावे हाती घेतले आहे. मनुष्य सज्जन होता. त्याने पैसे खर्चून पुस्तक घेतले होते, वर कळवण्याची तसदीही घेतली. परंतु त्याच्या चार ओळींत एकही ओळ अशी नव्हती, की जी तिसाव्या किंवा बत्तिसाव्या पुस्तकाला लावता आली नसती. कोणी मला त्या कादंबरीतला तलाठी खोटा वाटतो असे कळवले असते, तर मी रात्रभर तळमळलो असतो आणि त्या माणसाचा जन्माचा ऋणी झालो असतो.

वस्तुतः मोजून वाचण्याची ही कल्पना आपल्याला मुळीच नवी नाही. तिचे जुने नाव पारायण. गावात सप्ताह बसतो, मंडपात ओळीने चौरंग मांडले जातात, व्यासपीठावरचा चालक सुरुवात करून देतो आणि ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय, सुमारे नऊ हजार ओव्या, सात दिवसांत पार पडतात. गुरुचरित्राचाही असाच सप्ताह. कोणी एक पारायण करतो, कोणी वर्षाला पाच करतो, आणि कोणाची किती झाली हे गावाला ठाऊक असते. त्याची फलश्रुती ग्रंथातच सांगून ठेवलेली असते. हल्ली तिच्याऐवजी प्रमाणपत्र मिळते, इतकाच काय तो फरक. मी पारायणाला हिणवत नाही. ज्याला अक्षरओळख बेताचीच आहे असा शेतकरी सात दिवस ओवीच्या तालावर जीभ चालवतो, तेव्हा भाषेचे काहीतरी त्याच्या अंगात मुरते, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मुरत नाही. पण पारायणात कोणी मत देत नाही, आणि द्यावे अशी कोणाची अपेक्षाही नसते.

मत द्यायची जागा निराळी होती. ती म्हणजे पोथी. चातुर्मासात रात्रीची जेवणे आटोपली की देवळात किंवा कोणाच्या ओसरीवर पोथी लागे. बहुधा श्रीधरांचा ‘हरिविजय’ नाही तर ‘पांडवप्रताप’, कधी महिपतींचा ‘भक्तविजय’. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता मध्येच तोंड घालायचे. धर्माने पणाला लावायची ती बायको कशाला लावली, हा प्रश्न मी या भागात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून इतक्या त्वेषाने ऐकला आहे, की जणू द्यूत कालच शेजारच्या गल्लीत झाले असावे. पोथी चार महिने चाले. तिथे कोणाला पुढच्या ग्रंथाची घाई नसे. एखाद्या रात्री दहा ओव्यांवर वाद अडून बसला, तर पोथी तिथेच बांधली जाई. आपल्याकडे ग्रंथावर मत देण्याची सवय जर कोणी लावली असेल, तर माझ्या समजुतीप्रमाणे ती या ओसरीवरच्या लोकांनी. समीक्षक नंतर आले. आजच्या वाचनसंकल्पाने पारायणाचा वारसा सगळाच्या सगळा उचलला आणि पोथीचा तेवढा टाकून दिला, असे मला दिसते.

या पोथीचे एक छापील रूप मी लहानपणी पाहिले आहे. सार्वजनिक वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेले असे. ‘शेवट चुकला.’ त्याखाली निराळ्या अक्षरात, ‘चुकला नाही, तुम्हाला कळला नाही.’ त्याखाली तिसऱ्याचे, ‘दोघेही मूर्ख. पान 112 पुन्हा वाचा.’ ग्रंथपालाच्या दृष्टीने हा गुन्हा होता, आणि तो गुन्हाच आहे. मुलांनी तसे केले तर मीही कान धरतो. पण त्या तिसऱ्या माणसाचे ऐकून पान 112 पुन्हा उघडून पाहणारे माझ्यासारखे किती असतील! चांगल्या अभिप्रायाची खूण मी तेव्हापासून तीच मानत आलो आहे. तो तुम्हाला पुस्तकाकडे परत पाठवतो. ‘संग्रही ठेवावे’ म्हणणारा तर ते कपाटात ठेवायला सांगतो.

वाचकांना एकत्र आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले नाहीत असे नाही. 25 डिसेंबर 1974 रोजी दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली ती वाचकांची चळवळ म्हणूनच. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये तिथूनच आले, आणि त्या पुस्तकावर घरोघरी जो वाद झाला तो कोणी मोजला नाही, मोजण्यासारखा नव्हताही. अलीकडे, 2009 पासून, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना चालवली. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती वाचकांच्या एका गटाकडे जायची आणि काही महिन्यांनी बदलायची. पेटीची कल्पना मला फार आवडते. त्यात एकच पुस्तक एकाच गल्लीतल्या अनेक हातांतून जाते, आणि मग पाणवठ्यावर नसले तरी निदान गिरणीत त्याच्याविषयी बोलणे निघते. उलट सरकारमान्य वाचनालयांचे पाहा. 1967 च्या कायद्याप्रमाणे चालणाऱ्या या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात ते ग्रंथ किती, नियतकालिके किती, सभासद किती यावर. वाद किती झाले याचा रकाना त्या तक्त्यात नाही, आणि असता तर तोही खोटाच भरला गेला असता!

असो. नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. हट्ट्यात आम्ही काय वाचले आणि त्यावर काय बोललो, ते आता सांगतो. हट्टा हे वसमत तालुक्यातले गाव. जिल्हा पूर्वी परभणी होता, 1999 पासून हिंगोली. गेल्या वर्षी आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आम्ही पाच-सात जणांनी मिळून फक्त दोन पुस्तके वाचली, तीही मोठ्याने. जागा म्हणाल तर गावातल्या एका शिंप्याचे दुकान. त्याला दुपारनंतर काम नसते, हेच त्याचे कारण. आणि आम्ही निवडलेल्या दोन्ही कादंबऱ्या शिंप्याविषयीच्या होत्या, हे दुसरे. बसणाऱ्यांत तो शिंपी, एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक, घरी ब्लाऊज आणि पिको-फॉलचे काम करणारी एक बाई, आणि येऊन-जाऊन असणारी कॉलेजातली दोन मुले. वाचणारा मी.

पहिले पुस्तक रा. रं. बोराडे यांचे ‘पाचोळा’, 1971 साली प्रसिद्ध झालेले. बोराडे सर फेब्रुवारी 2025 मध्ये गेले. मराठवाड्याच्या बोलीत, एका बाईच्या तोंडून, तिच्या घराची वाताहत सांगणारी ही कादंबरी आहे. तिचा नवरा गंगाराम हा गावातला शिंपी. गावातल्या बड्या असामीशी त्याचे बिनसते, आणि मग ते घर पाचोळ्यासारखे उडून जाते. दुसरे पुस्तक तुळजापूरच्या देविदास सौदागर यांचे ‘उसवण’. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली लहानशी कादंबरी. लेखकाने स्वतः शिवणकाम केलेले आहे. यातलाही नायक शिंपीच. पण त्याला उठवणारे तयार कपडे आहेत. मराठवाड्यातले दोन लेखक, अर्ध्या शतकाचे अंतर, आणि धंदा एकच. वर्षाला बावन्नाच्या हिशेबाने ही दोन्ही माझ्या हाती आली असती तर एक फेब्रुवारीत आले असते, एक ऑगस्टात, आणि दोन्हींना मी ‘वाचनीय’ म्हणून मोकळा झालो असतो.

‘पाचोळा’ चालू असताना दुकानात भांडणे झाली. वाहक गृहस्थांचे म्हणणे असे की, गंगारामाने थोडे नमते घेतले असते तर सगळे निभावले असते. लेकराबाळांच्या माणसाला इतका ताठा परवडत नाही. शिंपी हातातली कात्री खाली ठेवून म्हणाला, “नमतं घ्यायचं मंजे किती घ्यायचं, गुरुजी? यक डाव वाकलं की माप तेच राहतंय.” यावर सलग दोन संध्याकाळी वाद झाला. मुलांपैकी एकाने मध्येच, हट्ट्याच्या माणसांना हट्टाची गोष्ट शिकवायला नको, असा विनोद केला आणि त्याला दोन्ही पक्षांनी गप्प बसवले. मला मात्र सर्वांत जास्त आवडला तो शिंप्याचाच दुसरा अभिप्राय. गोष्ट बायकोच्या तोंडून का सांगितली असेल, असे मी विचारले. तो म्हणाला, “शिंप्यानं सांगितली असती तर तेनं सांगितलीच नसती. आमी समद्यायचं ऐकतो, बोलत न्हाई. गिऱ्हाईक तुटतंय.” ‘पाचोळा’तल्या निवेदनावर मी पुष्कळ लिखाण वाचले आहे. त्यात बोलीचे सामर्थ्य आले, स्त्रीमनाचे दर्शन आले. पण धंद्यामुळे मुक्या झालेल्या माणसाची कथा दुसऱ्याच कोणी सांगावी लागते, हे कारण मला तरी त्यात भेटले नव्हते. मी ते पुस्तक पूर्वी तीन वेळा वाचलेले होते.

‘उसवण’च्या वेळी भांडण झालेच नाही. लोक ऐकत राहिले. गावातल्या गावात शिलाईच्या दरापेक्षा तयार सदरा स्वस्त मिळतो, ही गोष्ट कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आम्ही बसलो होतो त्या दुकानाच्या समोरच तसे एक दुकान आहे. ऐकणाऱ्या सगळ्यांच्या अंगावर तिथलेच कपडे होते, शिंप्याच्या धाकट्या मुलाच्या अंगावरसुद्धा. शेवटी शिंपीच म्हणाला, “त्या गंगारामाला भांडायला मानूस तरी व्हता. ह्या बिचाऱ्यानं कोनाशी भांडावं? त्या समोरच्या कपाटाशी?”

इथे माझ्यातला कादंबरीकार जागा झाला आणि आमचे जुंपले. माझे म्हणणे असे की, ‘पाचोळा’ ही कादंबरी म्हणून थोर आहे, कारण तिच्यात बाजू घ्यावी लागते. जुलूम करणाऱ्याला तिथे घर आहे, चेहरा आहे. आणि ज्याच्यावर जुलूम होतो तोही सर्वस्वी निर्दोष नाही. म्हणून तर वाहक आणि शिंपी दोन रात्री भांडले. ‘उसवण’मध्ये विरोधी पक्षच नाही. आपण नायकाबद्दल हळहळतो, आणि हळहळीला वाद लागत नाही. कादंबरीला गाठ लागते. इथे नुसते उसवत जाणे आहे. लेखकाने नाव ठेवताना हे जाणलेले दिसते, तेव्हा त्याला दोष तरी किती द्यावा हाही प्रश्नच आहे. तरीही साक्ष म्हणून ‘उसवण’ आम्हाला जवळची आणि कादंबरी म्हणून ‘पाचोळा’ मोठी, असा निवाडा मी दिला.

शिंप्याने तो मानला नाही. त्याच्या मते मोठे पुस्तक ‘उसवण’च. त्याचे कारण त्याने दिले ते असे: ‘पाचोळा’तल्यासारखे घडले की गावाला कळते, चार माणसे ओसरीवर येऊन बसतात, कोणी चुकले म्हणते, कोणी बरोबर म्हणते. आपल्या दुकानात मात्र गिऱ्हाईक येईनासे झाले ते कोणत्या दिवसापासून, हे त्याचे त्यालाच सांगता येणार नाही. कोणी भांडले नाही, कोणी निरोप घेतला नाही. जे घडल्याचे कळतच नाही ते सांगणे अवघड, आणि त्या पोराने ते सांगून दाखवले. गाठ नाही ही तक्रार करायला गुरुजींचे काय जाते, पगार महिन्याच्या महिन्याला होतो, असेही त्याने जाता जाता ऐकवले. मी अजून माझ्या मतावर कायम आहे. पण कथानकाला विरोध लागतो हे जे मी वर्षानुवर्षे गृहीत धरून लिहीत आलो, ते आता मला तितक्या सहजपणे लिहवत नाही. माझ्या टेबलावर एक अर्धी कादंबरी पडून आहे. तिच्यात एक सावकार आहे, आणि हल्ली तो मला जरा सोयीचा वाटू लागला आहे.

ज्यांना संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानतात ते नर्सी आमच्याच जिल्ह्यात आहे, हे इथे मध्येच आठवले. नामदेवही शिंप्याच्याच घरातले. या जिल्ह्यातल्या शिंप्याने साहित्यावर मत दिले तर आश्चर्य कशाचे? ते कोणी विचारत नाही याचेच वाटावे.

शाळेतही मी तीच रीत थोडीफार करून पाहिली. पुस्तकाचा सारांश लिहू नका, पुस्तकातल्या एका माणसाशी भांडा, असे नववीच्या मुलांना सांगितले. बहुतेकांनी पूर्वीप्रमाणेच, ‘या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो,’ हेच लिहून दिले. सवय एका वर्षात जात नसते. एका मुलीने मात्र साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’विषयी लिहिले की, श्यामला इतके सगळे शिकवणाऱ्या आईने स्वतःला काय हवे होते ते एकदा तरी सांगायला पाहिजे होते. ‘श्यामची आई’ 1935 साली पुस्तकरूपाने आले. इतक्या वर्षांत डोळे पुसणारे वाचक त्याला लाखो मिळाले. ही मुलगी रडली की नाही ते मी विचारले नाही. एवढे एक वाक्य लिहायला तिला आठ दिवस लागले होते, आणि त्या आठ दिवसांत तिच्या बाकावरच्या मैत्रिणीची चार पुस्तके ‘वाचून काढून’ झाली होती.

कोणी म्हणेल, आकड्याच्या निमित्ताने का होईना, हातात पुस्तक तर येते! येते, यात शंका नाही. ज्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद नाही तिथे महावाचनाच्या निमित्ताने एक पुस्तक गेले, तर ते मला हवेच आहे. माझा राग आकड्यावर तितका नाही. शंभर पुस्तके वाचलेल्या माणसाला आपण ‘किती’ विचारतो आणि ‘मग?’ विचारायला विसरतो, तिथे मला खटकते.

आमच्या दुकानातल्या बैठकीत एक माणूस चार महिने जवळजवळ काहीच बोलले नाही. ती म्हणजे ब्लाऊज शिवणारी बाई. हातातली हुक-काजाची कामे करता करता ती ऐके. कार्तिकीच्या आदल्या दिवशी ‘उसवण’ संपले, माझा आणि शिंप्याचा वाद रंगला, आणि मग ती म्हणाली, “सर, दोन्ही पुस्तकांत शिंपी गडीच हाय. आता गावात मशीन कोन चालवायलंय, ते तरी बघा.” खरे होते. पुरुषांचे शिलाईकाम संपत आले. ब्लाऊज, फॉल, पिको, परकर एवढेच उरले आणि ते घराघरांतल्या बायकांकडे गेले. 2024-25 साली सरकारी शाळांचे गणवेश शिवण्याचे कामही बचत गटांच्या महिलांकडे दिले होते. पुढच्याच वर्षासाठी तो निर्णय बदलला. म्हणजे धंदा उसवला आणि एका बाजूने तो कोणीतरी परत टाचतही आहे. शिंप्याने हे ऐकून मान फिरवली. शेजारच्या गल्लीतली तिची मशीन ही समोरच्या कपाटाइतकीच त्याला अडचणीची आहे, हे त्या क्षणी आम्हा सर्वांच्या ध्यानात आले, आणि चार महिने एकत्र बसून त्या दोघांनी ते एकमेकांना बोलून दाखवले नव्हते, हेही.

त्यावर चर्चा व्हायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी एकादशी, तिला फराळाचे करायचे होते. जाताना तिने ‘पाचोळा’ची प्रत मागून घेतली. त्या शिंप्याच्या बायकोला काज-बटणाचे पैसे कोणी देत होते का, तेवढे तिला स्वतः पाहायचे होते. प्रत अजून तिच्याकडेच आहे.